काकाजींची बसती गाडी

मोठी, महागडी, जुनी गाडी रस्त्याच्या कडेला एका कोपऱ्यावर कललेली दिसली की येणारे-जाणारे गालातल्या गालात हसतात. श्रीमंताची फजिती कोणाला आवडत नाही? परवा नाशकात एका मंगल कार्यालयाबाहेर असंच झालं. नवरदेवाची काळी गाडी पुढच्या चाकावर बसली होती, मालक टायरला लाथा घालत होता आणि वऱ्हाडी मंडळी मोबाइलवर चित्रण करत होती. मी पुढे झालो आणि त्या गृहस्थांना म्हणालो, "लाथ मारू नका. आधी तिला विचारा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून काढता पाय घेतला. वाक्य माझं नव्हतंच. ते मालेगावच्या शेषराव काकाजींचं होतं. त्यांनी ते म्हटलं की मात्र माणसं थांबत आणि ऐकत.

मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, वाशीमच्या रस्त्यावरचं. हे सांगावं लागतं, कारण मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात लागलो तेव्हा माझी पार्सलं आधी नाशिककडच्या मालेगावला फिरून यायची. मला खोली हवी होती आणि काकाजींच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. मी पत्ता विचारत गेलो, तर हा उंच, हडकुळा माणूस ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. अंगात पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. म्हणाले, "जिना चढा बरं." मी चढलो. "आता उतरा." मी उतरलो. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"डावा पाय हलका टाकता, सर. चप्पल बदला. खोली घ्या."

पुढे कळलं की काकाजी कोणाच्याही तोंडाकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात. ही बैलबाजारातली सवय. शेती बऱ्यापैकी होती, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख होती ती बैलांचा पारखी म्हणून. केनवडपासून मानोऱ्यापर्यंत कोणाला जोडी घ्यायची असली की काकाजींना घेऊन जायचे. ते बैलाभोवती एक चक्कर मारत, वशिंडावर हात दाबत, दात बघत, बैल चालवून बघत आणि मग विकणाऱ्याचा हात आपल्या दुपट्ट्याखाली घेत. भाव कापडाखाली बोटांनी ठरायचा. वर दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत राहायचे. अशा वेळी काकाजींच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ!

त्यांच्या पारखीत एक नियम फार कडक होता. गळ्यात काळा दोरा किंवा बिब्बा बांधलेला बैल ते बघतसुद्धा नसत. "मालकालेच भरोसा नाई, तं मले कायले असन?" असं म्हणून पुढच्या खुंट्याकडे वळत. नजर लागणं, दृष्ट काढणं, गाडीला लिंबू-मिरची टांगणं या सगळ्याची ते भर बाजारात टिंगल करायचे. पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या एका जीपवाल्याला त्यांनी ओट्यावर बसल्याबसल्या विचारलं होतं, "काहून रे, इंजनात तेल टाकलं का नुसतं लिंबूच पिळलं?" तो बिचारा हसत हसत गेला, पण लिंबू काही त्याने काढलं नाही.

काकाजींना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, ते आणि कौसल्याकाकू. काकू बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि बोलण्यात काकाजींच्या वरचढ. फरक एवढाच की काकाजी चार माणसांत बोलत आणि काकू फक्त घरात. मी वर राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण चालणं वॉकरवर आलं, आणि खाली वाकणं बंदच झालं. हातातून वाटी पडली तरी मला हाक यायची, "सर, जरा येता का खालती?"

दवाखान्यातून घरी आणताना त्यांना जीपमधून आणलं होतं. जीप उंच. दोघा माणसांनी त्यांना काखेत धरून उतरवलं, लुगडं पोटरीवर सरकलं, आणि समोरच्या दुकानातली सगळी माणसं बघत राहिली. काकू घरात आल्या आणि म्हणाल्या, "आता मले कोनी पोत्यासारखं उचलनार नाई. मेल्यावर उचला." त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. रिक्षात नाही, एसटीत तर नाहीच.

हे एकवेळ चाललं असतं. पण काकूंचं माहेर केनवड, आणि तिथे त्यांची आई जिवंत होती. नव्वदीच्या पुढची, कानाने ठार बहिरी, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. भाऊ फोन करून सांगायचा, "माय रोज इचारते, कौसली काहून येत नाई म्हून. तिले वाटते तू मेली, अन् आमी लपवून राह्यलो." म्हातारीला इकडे आणण्यासारखी स्थिती नव्हती. काकू फोन ठेवायच्या आणि वॉकर टेकवत दारात येऊन केनवडच्या रस्त्याकडे बघायच्या. एका रस्त्याच्या दोन टोकांना दोन म्हाताऱ्या अशा अडकून पडल्या होत्या, आणि मधे होती ती फक्त जीपची पायरी.

काकाजींनी यावर काय केलं, तर गावात जाहीर केलं की आपल्याला आता मोठी गाडी घ्यायची आहे. "लोकाइच्या पोट्ट्याइकडं हाय, म्या काय पाप केलं?" असं सगळ्यांना सांगितलं. बायकोसाठी घेतोय हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. ते मी सांगतोय.

संभाजीनगरला जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या दुकानात ते मला घेऊन गेले, इंग्रजी लागलं तर असावं म्हणून. तिथे इंग्रजी कोणी बोलत नव्हतं. काकाजींनी गाड्यांच्या रांगेतून तशीच चक्कर मारली, बॉनेटवर हात दाबला, खाली वाकून चाकं पाहिली. एका काळ्या जर्मन गाडीपाशी विक्रेता पोरगा कौतुकाने म्हणाला, "काका, हिला स्प्रिंग नाहीत. चारी चाकांवर रबरी फुगे आहेत, हवेचे. बटण दाबलं की गाडी खाली बसते. बघा." त्याने बटण दाबलं. सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला आणि ती एवढी मोठी गाडी हळूच खाली आली. काकाजी डाव्या बाजूचं दार उघडून आसनाच्या उंचीला हात लावून बघत राहिले. मग स्वतःच्या गुडघ्याला हात लावला. मग म्हणाले, "उठव. आता पुना बसव."

मग त्यांनी त्या पोराचा हात धरून आपल्या दुपट्ट्याखाली घेतला. पोरगं घाबरलं. मी त्याला समजावून सांगितलं की भाव ठरतोय, घाबरू नकोस. व्यवहार झाला. परतीच्या वाटेवर काकाजी स्वतः गाडी चालवत होते, बैलगाडीच्याच वेगाने, आणि मागून येणारा प्रत्येक ट्रक आमच्या नावाने हॉर्न वाजवत होता.

गाडी गल्लीत आली तेव्हा अर्धं गाव जमलं. काकाजींनी बटण दाबून गाडी बसवून दाखवली, उठवून दाखवली. कोणी काचेला नाक लावलं, कोणी आत बसून फोटो काढले. कोणीतरी म्हणालं, "काकाजी, येवढी सोन्यासारखी गाडी, नजर लागन हो!" काकाजी गडगडाटी हसले. "नजर लागाले ते का पोटुशी बाई हाय?" सगळे हसले. दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गाडीकडे बघत होत्या. बुधवारी केनवडला जायचं ठरलं. काकूंनी आईसाठी मऊसूत लाडू करून डब्यात भरले.

बुधवारी सकाळी गाडी डाव्या पुढच्या कोपऱ्यावर बसलेली होती. नुसती बसली नव्हती, बंपर फरशीला टेकत आला होता. काकाजींनी गाडी सुरू केली, वर करायचं बटण दाबलं. बाकीचे तीन कोपरे उठले, हा उठेना. तशीच थोडी पुढे घेतली तर चाक वरच्या पत्र्याला घासून कर्कश आवाज आला. केनवड राहू द्या, गल्लीच्या तोंडापर्यंत जाणं शक्य नव्हतं. काकू नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बी माह्यासारखीच निघाली. बसली का उठता येत नाई." आणि आत गेल्या. डबा तसाच ओट्यावर राहिला.

मग गावाने गाडीवर उपचार सुरू केले. पंक्चरवाल्याने निदान केलं की फुगा फुटला. त्याने साबणाचं पाणी करून फुग्यावर ओतलं, पण बुडबुडा एकही आला नाही. बॅटरीवाला म्हणाला बॅटरी उतरली असेल. बॅटरी बदलली, गाडी होती तिथेच. एकजण म्हणाला हवा भरणारा कॉम्प्रेसर गेला. तर तो मागच्या चाकांपाशी छान घरघर करत होता. प्रत्येकाच्या मागे काकाजी हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "घाई करू नोका. जनावर असो का मशीन, आधी त्याले इचारा." ते स्वतः विचारतही होते. सकाळी गाडीपुढे पाट टाकून बसायचे आणि त्या कोपऱ्याकडे टक लावून बघायचे. आजारी बैल कोणता पाय आधी टेकतो यावरून ते दुखणं ओळखायचे म्हणे. गाडीने त्यांना काही सांगितलं नाही.

शेवटी गावातला जुना मिस्त्री बबन आला. त्याने सगळ्यांत सोपा आणि खरं तर शहाणपणाचा उपाय सांगितला. "काकाजी, फुगे फेकून द्या. सरळ लोखंडी स्प्रिंगा टाकून देतो. लोकं असंच करतेत. मंग ही गाडी जन्मात बसनार नाई."

"मंग म्या ते घेतली कायले?" काकाजी ओरडले.

बबनला कळेना. गाडी बसते ही तक्रार, आणि बसणार नाही म्हटलं तर माणूस अंगावर येतो! तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावत निघून गेला. दुसऱ्या दिवशी गावात बातमी फिरली की काकाजींचं डोकं फिरलं. बाजारात त्यांना बघून पोरं गुडघ्यावर बसून दाखवू लागली. ज्या माणसाच्या शब्दावर लोकांनी आयुष्यभर बैल घेतले, त्याच्या स्वतःच्याच गळ्यात बसका माल मारला गेला, ही गंमत कोणी कशी सोडेल? मला त्या लोकांचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर वरच्या गॅलरीतून काकाजी पाटावर बसून गाडीशी बोलताना दिसले की हसू मलाही आवरायचं नाही.

मधल्या काळात केनवडचे फोन वाढले. म्हातारीने जेवण कमी केलं होतं. काकाजी काकूंना एकदाच भीत भीत म्हणाले, "जीप सांगू का? दोघी बायाच लावतो उचलाले." आतून वॉकर दूर जात असल्याचा आवाज आला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग मीच चौकशी करून अकोल्याच्या सलीमभाईचा नंबर मिळवला. अशा गाड्यांचं काम करणारा, अखंड बडबड करणारा माणूस. त्याने येताना एक छोटं यंत्र आणलं होतं. गाडीला वायर जोडली, पडद्यावर आकडे आले. गल्ली पुन्हा जमली. सलीमभाई वाचू लागला आणि एकदम थांबला.

"काकाजी, मशीन बोलून राह्यलं, के आगे का डावा कोपरा लय वरते हाय. जरुरत से ज्यादा."

बंपर जमिनीला टेकलेला सगळ्यांना दिसत होता. असा हशा पिकला की काकू दारात आल्या.

"मशीन खोटं बोलून राह्यलं," काकाजी करड्या आवाजात म्हणाले.

"मशीन काहून खोटं बोलन? उसको जो बताया, वो बोलती. म्हंजे उसको कोई गलत बता रहा." सलीमभाईने जॅक काढला. काकाजी पुढे होऊन चाकामागे हात घालणार, तेवढ्यात तो खेकसला, "हात निकालो! हवा सुटली तं गाडी हातावर येईन." त्याने जॅक लावला, गाडीखाली टेकूचे लोखंडी घोडे ठेवले, चाक काढलं आणि टॉर्चचा उजेड टाकून आत डोकावला. मग हसायला लागला.

"चाकामागं हे बारकी दांडी दिसते? गाडी किती वर, किती खालती, हे गाडीले हेच सांगते. इसको किसीने बांधके रख दिया. दांडी अडकली, गाडीले वाटलं आपन लय उंच झालो. तिनं हवा सोडली. रोज सोडूनच राह्यली बिचारी."

त्याने हात घालून ओढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. काळा दोरा, दांडीला घट्ट वेढे दिलेला, आणि त्यात ओवलेला बिब्बा. बैलाच्या गळ्यात गोंडा बांधतात तशी पक्की गाठ. ती गाठ त्या गल्लीत एकच माणूस मारत होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

मी काकाजींकडे पाहिलं. भाव ठरवताना ज्यांचा चेहरा हलायचा नाही, त्यांचे कान लाल झाले होते. भर बाजारात लिंबू-मिरचीची टिंगल करणाऱ्या या माणसाने, कोणाला दिसू नये म्हणून चाकामागे हात घालून, काकू जिथे बसणार त्याच बाजूला बिब्बा बांधला होता. तोसुद्धा न बघता, हाताला लागेल तिथे, आणि हाताला लागली नेमकी ती एक दांडी. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की काय सांगू.

"म्याच बांधला," दारातून आवाज आला.

सगळे वळले. काकू वॉकर धरून उभ्या होत्या.

"कवा?" कोणीतरी विचारलंच.

"बांधला एक दिवस. तुमाले कायले पायजे?"

ज्या बाईला जमिनीवरची वाटी उचलता येत नव्हती, तिने म्हणे चाकामागे वाकून दोरा बांधला! जमलेल्या प्रत्येकाला हे कळलं होतं. पण एकमेकांकडे न बघता सगळे त्या दोऱ्याकडेच बघू लागले. आणि काकाजी? मला वाटलं, हा माणूस आता पुढे होईल आणि कबूल करेल. त्यांनी घसा खाकरला, दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "पाह्यलं, सलीमभाई? जन्मभर हिले सांगून राह्यलो, हे असं काई करत जाऊ नोको. आयकन तं शपथ!"

"चुकलं माह्यं," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. हसू लपवायला लावला, की आणखी कशासाठी, हे मला दिसलं नाही.

सलीमभाईने चाक बसवलं, घोडे काढले. गाडी सुरू होताच तो कोपरा सावकाश वर आला आणि बाकीच्या तिघांच्या बरोबरीला थांबला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. काकाजींनी टाळ्या वाजवणाऱ्यांना हाकलून दिलं, मला मात्र म्हणाले, "सर, तुमी चला. रस्त्यात कुठं बसली तं धक्का माराले." त्यांनी बटण दाबलं, गाडी बसली, डावं दार उघडलं. काकू पाठमोऱ्या झाल्या, आसनाला टेकल्या, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. कोणी हात लावला नाही. काकाजी तेवढा वेळ रस्त्याच्या पलीकडच्या विजेच्या खांबाकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते.

केनवडला पोचलो तेव्हा सोयाबीनचं खळं चाललेलं होतं आणि माणसं गाडीच्या मागे धावत आली. भावाने ओट्यावर आईला खुर्चीत बसवलं होतं, पांघरूण गुंडाळून. मूठभर म्हातारी. गाडी बसली, दार उघडलं. काकूंनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले, वॉकर पुढे घेतला आणि उभ्या राहिल्या. दोघी-तिघी जणी धरायला पुढे झाल्या, तर त्यांनी नुसतं पाहिलं. बाया मागे सरल्या. वॉकर टेकवत टेकवत त्या ओट्यापाशी गेल्या. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, लेकीचा हात चाचपला, आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्याने विचारलं, "कोनं उचलून आनलं व तुले?"

काकू वाकू शकत नव्हत्या. त्या उभ्यानेच ओरडल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्याने, "कोनं नाई व माय! म्याच आली!"

काकाजी गाडीपाशीच थांबले होते. त्यांना चहाला बोलवायला भाऊ आला, तर म्हणाले, "पुढं व्हा, म्या येतो." मग त्यांनी नीट लागलेलं डावं दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.